आपण कुठले?

संपादक मंडळातील विद्यार्थी घरी आले आणि म्हणाले, "सर, अंकासाठी लेख हवा. पण अभ्यासाचा नको, अनुभवाचा द्या." निवृत्त प्राध्यापकाजवळ अनुभवाखेरीज देण्यासारखे दुसरे काय असते? आणि तो तर न मागताही देत सुटण्याची त्याला सवय असते. तेव्हा या खेपेस मागून घेतलेला हा लेख वाचकांनी गोड मानून घ्यावा, एवढीच विनंती.

मराठीत अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करण्याचा एक राजमार्ग आहे. तो म्हणजे 'आपण कुठले?' हा प्रश्न. १९८७ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी इंग्रजीचा अधिव्याख्याता म्हणून अहेरी भागात रुजू व्हायला निघालो, तेव्हा चंद्रपूर सोडल्यापासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची गणती नाही. एस.टी.च्या कंडक्टरने विचारला, गोंडपिपरीला चहावाल्याने विचारला, आष्टीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडताना शेजारच्या म्हाताऱ्याने विचारला. मी सांगे, "सातारा." त्यावर समोरचा माणूस मान डोलावून म्हणे, "म्हंजे पुन्याकडचे." त्यांच्या लेखी नागपूरच्या पलीकडे सारे पुणेच होते. आमच्या लेखी तरी काय, नागपूरच्या अलीकडे सारे जंगलच होते. हिशेब बरोबरीत सुटला.

गडचिरोली जिल्हा तेव्हा उणापुरा पाच वर्षांचा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपुरातून वेगळा झाला. खुद्द चंद्रपूरही १९६४ पर्यंत चांदा या नावाने ओळखले जाई, आणि आमच्या गावातल्या जुन्या माणसांना चांदाच ठाऊक होता, तोही शाळेच्या नकाशातला. त्यामुळे आई शेजारणींना सांगे, "पोरगा परदेशी गेलाय." यात खोटे काही नव्हते. ओव्या गाणाऱ्या बायकांचा परदेश गावची शीव ओलांडली की सुरू होतो. मी तर हजार किलोमीटर दूर आलो होतो.

योगायोग असा की, एम.ए.ला माझ्याबरोबर असलेला एक मित्र त्याच सुमारास खऱ्याखुऱ्या परदेशी गेला. तोही इंग्रजी शिकवायलाच, इथिओपियात. त्या काळी तिथल्या शाळांतून पुष्कळ भारतीय शिक्षक असत. आमचा पत्रव्यवहार चाले. दोघेही इंग्रजीचे मास्तर, पण पत्रांत शेक्सपिअर क्वचितच येई. यायचे ते जेवण. तो लिही, 'इथे टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून घावनासारखे पसरट काहीतरी करतात. त्याला इंजेरा म्हणतात. आंबट लागते. एकाच मोठ्या ताटात सगळे जेवतात.' मी लिही, 'इथे तीन वेळा भात. भाकरीची फार आठवण येते.' परमुलखात पोट आधी बोलू लागते, मन मागाहून.

ज्वारीची भाकरी हे माझे बालपणापासूनचे अन्न. इकडे मात्र धानाचा मुलूख. सकाळी रात्रीचा भात, दुपारी ताजा भात, रात्री पुन्हा भात. मी ज्या घरी खोली घेतली होती त्या घरच्या आजी मूळच्या आरमोरीकडच्या, पक्क्या झाडीपट्टीतल्या. त्यांच्या बोलीत 'ण' नाही आणि 'ळ'चा 'र' होतो. काळा म्हणजे कारा, डोळा म्हणजे डोरा. आजींनी माझे जेवण आपल्याकडे घेतले. पैसे ठरले, पण वेळ ठरली नाही. त्यांच्या मनाला येईल तेव्हा त्या हाक मारीत, "सर, जेवाले या."

त्यांच्या स्वयंपाकघरात मी एक नवा शब्दकोश शिकलो. टोमॅटो म्हणजे भेदरे. पिठले म्हणजे चून. पावसाळ्यात कळकाचे कोवळे कोंब चिरून, उकळून भाजी करीत, ती वास्त्याची भाजी. पहिल्या सरींबरोबर माळावर उगवणारा तरोटा, ज्याला आमच्याकडे टाकळा म्हणून गुरांच्या वाटेला सोडतात, तो इथे हौसेने खाल्ला जाई. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्या, ज्यांना इथे सात्या म्हणतात, त्या ज्या दिवशी बाजारात येत त्या दिवशी इतर भाज्यांकडे कोणी पाहत नसे. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर, आणि धान कापणीला येण्याआधीच त्याच्या पायाशी चिखलात फेकलेली लाखोळी. भात, लाखोळीचे वरण, जवसाची चटणी. महिनाभरात मला भाकरीची स्वप्ने पडेनाशी झाली.

आता वर्गाकडे वळतो, कारण पगार तिथला होता.

अकरावीला पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक सोपे वाक्य लिहिले: 'वुई ईट राइस.' आम्ही भात खातो. इतक्या सोप्या वाक्यात अडण्यासारखे काय असणार? परंतु सिरोंचाकडचा, घरी तेलुगू बोलणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, हा 'वुई' म्हणजे 'मेमु' की 'मनमु'?"

मला तेलुगू येत नव्हते. त्याने समजावून सांगितले. 'मेमु' म्हणजे आम्ही, तुला सोडून. 'मनमु' म्हणजे तुला धरून आपण सगळे. मागच्या बाकावरून आजींच्या बोलीत कोणीतरी पुस्ती जोडली, "म्हंजे आमी का आपन?" प्रश्न लाखमोलाचा होता. मराठीत आम्ही वेगळे, आपण वेगळे. तेलुगूतही वेगळे. ती वाटणी मराठीने दक्षिणेच्या शेजारणींकडून उचलली असावी, असे भाषाशास्त्राचे अभ्यासक मानतात. हिंदीचे 'हम' मात्र एकच, बंगालीचे 'आमरा' एकच, आणि इंग्रजीचे 'वुई'ही एकच. इंग्रज माणूस 'वुई' म्हणाला, तर त्या पंगतीत आपले पान वाढले आहे की नाही, हे केवळ शब्दावरून कळत नाही. वर्गाला मी सांगितले की, ते प्रसंगावरून ओळखायचे.

ही चर्चा संपते न संपते तो दुसरा प्रश्न आला. "सर, राइस म्हणजे धान, तांदूळ का भात?" शेतात उभे ते धान, कांडल्यावर तांदूळ, शिजल्यावर भात. तेलुगू मुलाने आपले तीन शब्द सांगितले: वड्लु, बिय्यम, अन्नम. मूलचेऱ्याकडच्या एका बंगाली मुलीने तिचे तीन सांगितले: धान, चाल, भात. गोऱ्या साहेबाच्या देशात धान पिकत नाही, म्हणून त्याला एका शब्दात भागवावे लागते. शेतातल्या धानाला तो 'पॅडी' म्हणतो, पण तो शब्दही त्याने मलाय भाषेतून उसना आणलेला आहे. हे सांगितल्यावर वर्गात जो हशा पिकला, त्यात इंग्रजीची अर्धी भीती वाहून गेली. ज्या भाषेला भात म्हणजे काय हे ठाऊक नाही, तिला इतके काय घाबरायचे, असे त्या मुलांना वाटले असावे. त्या दिवसापासून मी व्याकरण स्वयंपाकघरातून शिकवू लागलो. मोजता येणारी नामे कोणती? भेदरे. न मोजता येणारी? चून. परीक्षा नागपूर विद्यापीठाची असे. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले, तेव्हा या दोन जिल्ह्यांतल्या मुलांचे कागद नागपूरला जायचे थांबले. तोवर मात्र आमच्या मुलांना नागपूरच्या उन्हाळ्याइतकाच नागपूरच्या पेपराचा धाक असे.

या भागाची मौज अशी की, एका बाजारपेठेत चार-पाच भाषा सहज नांदतात. किराणा दुकानदार तेलुगू. त्यांना आम्ही 'अन्ना' म्हणत असू. त्यांच्याकडे जेवायला गेलो की अंबाडीच्या पाल्याची आंबट पच्चडी ठरलेली. तेलुगूत अंबाडीला गोंगूरा म्हणतात. माझ्या आईच्या परड्यातली अंबाडी इथे नाव बदलून, मिरचीचा शेला पांघरून भेटली, तेव्हा फार बरे वाटले. मासे घेऊन येणारे काका बंगाली. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची गावे मूलचेरा-चामोर्शी भागात आहेत, त्यांतल्या एका गावचे. ते मला 'मास्टारमशाय' म्हणत आणि मोहरी वाटून लावलेल्या माशाची कृती इतक्या तपशिलाने सांगत की, ऐकणाऱ्याला पोट भरल्याचा भास व्हावा. एकदा मी त्यांना विचारले, "आपण कुठले?" हातातली तागडी खाली ठेवून ते म्हणाले, "मास्टारमशाय, जिथे जन्मलो ते गाव आता दुसऱ्या देशात आहे. आता इथलाच." तो प्रश्न प्रत्येकाला सोपा नसतो, हे मला त्या दिवशी कळले.

आणि चौथे आमचे महाविद्यालयातले शिपाई, ज्यांना सगळे दादा म्हणत. दादा गोंड, भामरागडच्या वाटेवरच्या एका गावचे. आमची मैत्री जमली ती घंटेवरून. तास संपल्याची घंटा ते द्यायचे, आणि मला फळ्यासमोर वेळेचे भान राहत नसे. ते दाराशी येऊन खाकरायचे. पुढे रविवारी सायकलीवरून भटकणे सुरू झाले. गोंडी शिकण्याचा मी प्रयत्न केला. खाण्याचा धातू गोंडीत आणि तेलुगूत एकच, 'तिन्', हे कळल्यावर मी दादांची आणि अन्नांची भेट घडवून आणली. दोघे एकाच गावात वीस वर्षे राहत होते. दुकानाच्या फळीवर बसून दोघांनी आपापल्या भाषेतले सारखे शब्द काढले आणि शेवटी अन्नांनी दोघांना चहा पाजला. भाषाशास्त्राचा इतका स्वस्त आणि गोड चर्चासत्राचा कार्यक्रम मी पुढे पाहिला नाही.

सहलींचे म्हणाल तर सहल हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नसे. 'चाला जाऊन येऊ' एवढेच. महाशिवरात्रीला अन्नांनी मला सिरोंच्याला नेले. आलापल्लीपासून शंभरेक किलोमीटर सागाचे रान, आणि मग एकदम उघडे पडणारे प्राणहितेचे पात्र. पलीकडे कालेश्वर. तेव्हा पूल नव्हता. नावेने गेलो. पलीकडचा किनारा तेव्हा आंध्र होता, २०१४ पासून तो तेलंगणा झाला. तिथल्या गाभाऱ्यात एकाच शाळुंकेवर दोन लिंगे आहेत, एक यमाचे, एक शिवाचे. अन्ना म्हणाले, "एक नेणारा, एक सोडवणारा. दोघांना एकदमच नमस्कार करावा लागतो." परत येताना नावेत त्यांनी केळीच्या पानातला चिंचेचा आंबट भात, पुलिहोरा, काढला. नावाड्यालाही त्यातलाच वाटा दिला.

दादांच्या गावी मी पहिल्यांदा गेलो तो मोहाच्या दिवसांत. चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून, जाळून जागा स्वच्छ केलेली असते. उजाडण्याआधी घरोघरची माणसे टोपल्या घेऊन निघतात. ही फुले वाळवून वर्षभर ठेवतात. शहरात मोह म्हटले की दारूच आठवते. दादांच्या आईने मात्र मोहफुले शिजवून त्यांचा गोड पदार्थ मला द्रोणात दिला. दुपारी भोपळ्याच्या वाळल्या तुंब्यातून ओतलेली पेज आणि तिच्यासोबत लाल मुंग्यांची चटणी. चटणी लिंबासारखी आंबट आणि झणझणीत. अंगणातल्या झाडाला कैऱ्या लागल्या होत्या, पण एकालाही हात लागलेला नव्हता. गोंडीत आंब्याला मरका म्हणतात. गावाने एकत्र येऊन मरका पंडुम हा सण केल्याशिवाय, देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय नवा आंबा कोणी खात नाही. लहान मुलेसुद्धा झाडाखालून माना वर करून नुसती पाहत होती. 'आपण' या शब्दात त्या गावाने गेलेली माणसेही धरली होती.

आता थोडे 'आपण' या शब्दाबद्दल. हा शब्द मोठा मायावी आहे. 'आपण कुठले?' यातला 'आपण' म्हणजे तुम्ही, तोही दूर बसवलेला, खुर्ची देऊन मान राखलेला. आणि 'चला, आपण जेवू' यातला 'आपण' म्हणजे सगळे एका पंगतीला. शब्द एकच. पहिल्या 'आपण'पासून दुसऱ्यापर्यंत पोचायला कोणाला जन्म लागतो. मला दोन वर्षे लागली.

१९८९ च्या श्रावणात रोवणी पाहायला म्हणून दादांच्या गावी गेलो आणि रात्री थंडी वाजून ताप भरला. हिवताप इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मला भान राहीना. पाऊस थांबत नव्हता आणि गावाबाहेरच्या नाल्याला पूर आलेला. रोवणीच्या ऐन दिवसात, ज्या दिवशी एक माणूस घरी बसला तर बांधी मागे पडते, चार माणसांनी शेत सोडले, बाजेला दोन बांबू बांधले आणि मला त्यावर घालून छातीभर पाण्यातून नाला पार केला. पुढे सात किलोमीटर चालत आरोग्य केंद्र. तिथे कागदावर नोंद करणाऱ्याने विचारले, "पेशंट कुठला? तुमचा कोण?" मला अर्धवट शुद्ध होती. दादांचा आवाज आला, "आपलाच आहे."

सलाईन लागले, क्विनाइन दिले, आणि मी वाचलो. त्यानंतर तीन आठवडे आजींनी मला भाताची पेज पाजली. अन्ना रोज संध्याकाळी येऊन ताप विचारीत. बंगाली काका मासे न आणता नुसतेच येऊन बसत, कारण आजारी माणसाला वास सोसणार नाही. इथिओपियातल्या मित्राला हे सारे कळवले. त्याचे उत्तर आले, 'इथे जेवताना माणूस आपल्या हाताने घास करून दुसऱ्याच्या तोंडात भरवतो. त्याला गुर्शा म्हणतात. पहिल्यांदा संकोच वाटला. आता कोणी भरवला नाही तर चुकल्यासारखे वाटते.'

पण हा लेख नुसत्या गोडव्याचा झाला तर तो खरा होणार नाही. त्याच वर्षांत रानात बंदुका वाढत होत्या. १९८० च्या सुमारास नक्षलवादी चळवळ गोदावरी-प्राणहिता ओलांडून या भागात आली आणि पुढे तिची आणि पोलिसांची झुंज तीव्र होत गेली. एके दिवशी दादा म्हणाले, "सर, आता गावाकडं नका येऊ." कारण सांगितले नाही. सांगण्याची गरज नव्हती. रात्री एक बाजू येऊन विचारी, दिवसा दुसरी, आणि दोघांचा प्रश्न एकच: 'तू कुणाचा?' मी तेव्हापासून या दोन प्रश्नांचा विचार करत आलो आहे. 'कुठला' असे विचारणारा माणूस उत्तर ऐकून जेवायला बसवतो. 'कुणाचा' असे विचारणाऱ्याला उत्तर दिले तरी भय, न दिले तरी भय. आमच्या रविवारच्या सायकली भिंतीला टेकून राहिल्या. दादा मात्र दर चैत्रात वाळलेल्या मोहफुलांचे एक गाठोडे माझ्या खोलीवर आणून ठेवीत. मला गावात जाता येत नव्हते, म्हणून गाव माझ्याकडे येत होते.

१९९३ साली सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजीची जागा निघाली. धाकट्या भावाने जाहिरातीचे कात्रण कापून ठेवले आणि आईला घेऊन तो दिवाळीत इकडे आला. आई माळकरी. पहिल्याच संध्याकाळी आजींनी चुलीपासून विचारले, "बाई, भाजीत सांबार टाकू का?" आईचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. "आगं बया! हितं सांबर खात्यात व्हय?" आजींनी मूठभर कोथिंबीर नाचवून दाखवली, कारण विदर्भात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. दुसऱ्या दिवशी पोपटाची भाजी आहे असे ऐकून भाऊ उपाशी उठायच्या बेतात होता. पोपट म्हणजे वालाच्या जातीच्या शेंगांचे दाणे. तिसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, "आमच्या गावाले मंडई आहे, चाला," तर भावाने भाजी आणायला पिशवी मागितली. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा म्हणजे मंडई. पाहुणे येतात, दंडार होते, रात्रभर नाटक चालते.

आम्ही सगळे आजींच्या माहेरी निघालो. वाटेत मार्कंड्याला उतरलो. तिथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून आईला काशीला गेल्याचा आनंद झाला. देवळांच्या भिंतींवरची शिल्पे पाहताना ती म्हणाली, "एवढं असून आमाला कुणी सांगितलं न्हाई." रात्री मंडईत धान कापलेल्या बांधीत कनात उभारून नाटक झाले. देसाईगंज-वडसा ही या रंगभूमीची राजधानी. धान निघाल्यावर हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. शंकरपट २०१४ च्या न्यायालयीन बंदीने थांबले, २०२१ च्या अखेरीस न्यायालयाच्या परवानगीने ती वाट पुन्हा मोकळी झाली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदाही मान्य केला, पण नाटके मध्येही चालूच राहिली. २०२३ सालीच या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरचे कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. त्या रात्री आई आणि आजी एका घोंगडीवर बसून नाटक पाहत होत्या. निम्मे शब्द एकमेकींना कळत नव्हते. रडायचे प्रसंग मात्र दोघींना एकदमच कळत होते.

परतण्याच्या दिवशी आईने कात्रणाचा विषय काढला नाही. मीच काढला. ती आजींकडे पाहून म्हणाली, "तू आजारी पडलास तवा ह्या बाईनं तुझं केलं. मला चार महिन्यांनी कळलं. मी हितं असती तरी ह्याच्याहून जास्त काय केलं असतं?" थोडे थांबून म्हणाली, "वरसातनं दोनदा येत जा म्हंजे झालं." भावाने ते कात्रण घडी करून खिशात ठेवले. मी अर्ज केला नाही. आईने तसे म्हटले, पण गाडीत बसल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला तो नागपूरपर्यंत काढला नाही, असे भावाने नंतर लिहिले. माझ्या इथे राहण्याची किंमत तिनेही भरली आहे, हे मी विसरत नाही.

आता आजी नाहीत, अन्ना नाहीत, आईही नाही. दादा गावी असतात, आणि त्यांच्या गावचा रस्ता आता डांबरी आहे. नाल्यावर पूल झाला आहे. आलापल्लीच्या ज्या वाटेवर आम्ही सायकली हाकल्या, तिथून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. काही सुधारले, काही गेले.

आमची मुले आता शिकायला आणि नोकरीला पुण्याला, हैदराबादला, काही तर समुद्रापार जातात. तिथे त्यांना लोक विचारतील, "आपण कुठले?" गडचिरोली म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते तेही त्यांना पाहावे लागेल. त्यांना या निवृत्त मास्तराचा एवढाच सल्ला आहे. वाद घालू नका, आकडेवारी सांगू नका. खोलीवर रविवारी भात दोन मुठी जास्त टाका, गावाकडून आणलेली जवसाची चटणी काढा आणि शेजारच्या खोलीतल्या परक्या मुलाला हाक मारा. भाजीत सांबार टाकला आहे, हे मात्र त्याला आधी सांगू नका.